दचकते का? होय / नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

कार्ड भरून टाकलं. नर्सबाईंनी दिलेलं, पिवळं. दहावा महिना लागला की भरायचं आणि या महिन्यात आणून द्यायचं म्हणाल्या. मी सातवीपर्यंतच शिकलेली, पण प्रश्न सोपे होते. मान धरते का? होय. आधाराशिवाय बसते का? होय. वस्तू पकडते का? — माझ्या केसांना विचारा. होय. मोठ्या आवाजाला दचकते का?

इथे मी पेन दाबून लिहिलं. नाही.

सातवी पास झाले तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता. मला तेवढीच एक धास्ती होती, पोर माझ्यावर जाईल. मी पाल दिसली की पलंगावर चढते. फुगा फुटला की रडते. लग्नात फोटोवाल्याचा फ्लॅश उडाला आणि मी नवऱ्याच्या मागे. त्या फोटोत मी नाहीच, त्यांच्या दंडावर नुसती माझी चार बोटं आहेत. तेव्हापासून ते मला भागूबाई म्हणतात. भित्री म्हणायची गरजच नाही, नुसतं भागूबाई. माझी आई पण अशीच. वारा सुटला की आम्हा सगळ्यांना घेऊन कॉटखाली. आमच्याकडे भीती नाकासारखी उतरत आलीय.

सकाळी तपेलीचं झाकण माझ्या हातातून पडलं. मी किंचाळले. सासूबाई दचकल्या. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. आणि ठकू पाळण्यात आपला पायाचा अंगठा चोखतेय!

सासूबाई म्हणाल्या, "नशीब माझं. तुझ्यावर नाही गेली."

मी पण नशीबच म्हणते.

५ नोव्हेंबर, बुधवार

सिनेमावाले आले. एका गाडीतून सात माणसं आणि एक डोकं. डोकं वेगळ्या खोक्यात होतं. लॉजच्या मालकाने खोकं उघडलं आणि जिन्यावरून खाली बसत बसत आला.

भुताचा सिनेमा आहे. आमच्या घरामागच्या दलदलीत काढणार. शहरातली मुलगी हरवलेल्या भावाला शोधत येते आणि चिखलातून एक भूत उठतं, असं काहीतरी. ठकूच्या बाबांची होडी ठरवलीय, रोज ने-आण करायला.

बघून आले लांबून. प्रत्येक माणूस दोन-दोन कामं करतो. कॅमेरावाला गाडी चालवतो, हिरो चहा करतो, हिरोईन सगळ्यांना रंग लावते. डायरेक्टर एक पोरगी आहे, माझ्याच वयाची, चोवीस-पंचवीस. स्कूटर विकून सिनेमा काढतेय म्हणे. आणि एक वयस्कर साउंडवाले काका आहेत, काठीच्या टोकाला मेलेलं मांजर बांधल्यासारखं काहीतरी धरून फिरतात. तो माईक असतो. सासूबाई त्यांना म्हणाल्या, "ते पुरून टाका आधी."

६ नोव्हेंबर, गुरुवार

मी कामाला जाते त्या लॉन्ड्रीत लॉजचा गठ्ठा आला. त्यात एक पांढरा झगा. असा चिखल मी जन्मात बघितला नाही. बघतेच त्याच्याकडे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

घात झाला.

झगा तीन पाण्यांनी धुतला. शेवाळाचा हिरवा डाग अंगठ्याच्या नखाने काढला. कडक इस्त्री केली. आमचे मालक कधी चांगलं म्हणत नाहीत, ते म्हणाले, "नवा घेतला का?" मग मीच ठकूला कडेवर घेऊन लॉजवर नेऊन दिला, वर्तमानपत्रात गुंडाळून.

डायरेक्टरने उलगडला. बघत राहिली. मग खुर्ची नव्हती तिथे बसली.

"वहिनी, हे काय केलंत?"

"धुतला."

"अहो, अर्धा सीन झालाय. हिरोईन झुडपात शिरते ती चिखलाने माखलेली. आज बाहेर येणार ती अशी? झुडपात काय लॉन्ड्री आहे?"

कॅमेरावाला हसला. तिने बघितलं तसा थांबला. माझी तर पाचावर धारण बसली. झग्यावर "धुवायचं नाही" अशी चिठ्ठी होती म्हणे, लॉजच्या पोऱ्याने कपडे चिठ्ठीसकट उचलले होते. चिठ्ठी बादलीत मी पण बघितली होती. म्हटलं कुणाचं तरी बिल असेल.

पळून जावं असं वाटलं. पण तोंडातून भलतंच निघालं. म्हटलं, "डाव्या खांद्यावर तळहाताएवढा होता. कडेने सुकलेला, मधे ओला. पाठीवर तीन ओघळ, मधला सगळ्यात लांब. उजव्या गुडघ्याला गोल, त्यात लव्हाळ्याचं एक पातं चिकटलेलं. मागच्या शिवणीला शेवाळ, बोटाएवढं."

कॅमेरावाल्याने कॅमेऱ्यात लावून बघितलं. मी सांगत गेले, तो मान हलवत गेला. सतरा डाग. एकही चुकला नाही. ज्याच्याशी एवढं भांडले तो विसरेन कशी? शेवटी म्हटलं, "आणि पोटावर चहाचा होता. तो सीनमधला नसेल बहुतेक."

हिरो खिडकीतून बाहेर बघायला लागला.

डायरेक्टर उठली. माझे दोन्ही हात धरले. "वहिनी, परत पाडाल का?"

८ नोव्हेंबर, शनिवार

आयुष्यभर डाग काढले. आज पाडले! आणि पाडताना जी काय मजा आली —

काठावरचा चिखल काळा असतो, आतला राखाडी, सांडपाण्याच्या पाइपाजवळचा पिवळट. राखाडी लवकर सुकतो, त्याला तडे जातात. हे सगळं मला माहीत होतं हेच मला माहीत नव्हतं. हातात चमचा, जुना ब्रश, स्पंज. हिरोईन उभी आणि मी तिच्याभोवती फिरतेय. ती म्हणाली, "ताई, गुदगुल्या होतात." मी म्हटलं, "हलू नकोस, ओघळ चुकेल." मी! हिरोईनला दटावलं!

पॅकअप होईपर्यंत आता हेच माझं काम. मालकांनी सुट्टी दिली, वर लॉन्ड्रीचं नाव पडद्यावर येईल का विचारलं. मला सगळे चिखलवाली वहिनी म्हणतात. ठकू माझ्याबरोबर, टोपलीत.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज भूत बुडालं.

भुताचं काम करायला एक उंच माणूस आणला होता, व्यायामशाळेतला. पोत्यांचा, जाळ्यांचा, फोमचा पोशाख, वर ते डोकं. दलदलीत तीन पावलं टाकली आणि कमरेपर्यंत आत. पोशाखाने पाणी प्यायलं. आतून बारीक आवाज, "दादा, काढा ना मला." दोरी लावून पाच जणांनी ओढलं. एक बूट अजून आतच आहे.

काठावर डायरेक्टर डोकं धरून बसली. ठकूचे बाबा होडीतून म्हणाले, "टाच आधी टेकवली की संपलंच. लव्हाळ्याच्या मुळांवर चवडा ठेवायचा आणि थांबायचं नाही." आणि उतरून चालून दाखवलं. हात पसरून, हळू, वाकत, जसे ते रोज होडी ढकलायला जातात तसे. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. पण बाकीचे सगळे काठाशी येऊन बघायला लागले.

डायरेक्टर हळूच म्हणाली, "दादा, तुम्ही घालाल का?"

ते म्हणाले, "डोकं बसेल का बघा."

बसलं. माझा नवरा भूत झाला!

सांगायला लाज वाटते — आत कोण आहे ते ठाऊक होतं, बटणं मीच लावली होती, तरी ते चिखलातून उठले तेव्हा मी हिरोच्या मागे लपले. आणि हिरो कॅमेरावाल्याच्या मागे. ठकू टोपलीत उभी राहून टाळ्या पिटतेय. डायरेक्टर म्हणाली, "इथे एकच धीट माणूस आहे."

छाती अशी फुलली माझी.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ठकूचे बाबा कानातून चिखल काढत बसलेत. काही विचारलं की म्हणतात, थांब, अजून ऐकू येत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सासूबाई आता रोज येतात शूटिंगला. खुर्ची घरून आणतात. आज डायरेक्टरला म्हणाल्या, "भूत असं चालत नाही."

"मग कसं चालतं, आजी?"

"ते मला काय माहीत? पण असं नाही."

मग भुताचं नाव विचारलं. डायरेक्टर ऐटीत म्हणाली, "चिखल्या. सिनेमाचं नावही तेच."

सासूबाई इतक्या हसल्या की खुर्ची धरावी लागली. "अगं बाई, चिखल्या पायाला होतात! बोटांच्या बेचक्यात! याला कोण घाबरणार? मलम लावतील!"

शहरातली माणसं, सात जण, शाळा-कॉलेज शिकलेले. एकालाही माहीत नव्हतं. पोस्टर छापून आलेत. भुताचे लाल डोळे आणि खाली मोठ्या अक्षरात चिखल्या. हसून हसून पुरेवाट. डायरेक्टर आधी रडवेली झाली, मग तीही हसायला लागली, मग पोस्टर उलटं करून त्यावर चहा ठेवला.

सासूबाई ठकूच्या बाबतीत मात्र हल्ली फार खूश. म्हणतात, पोरगी किती हुशार, मी मागून आले तरी न बघता ओळखते. खरंच. आमच्या घराला फळ्यांची जमीन, खाली ओल म्हणून. सासूबाई दारात पाऊल टाकतात आणि ठकू वळतेच. मी हाका मारल्या तर वळत नाही. आईला काय किंमत!

१५ नोव्हेंबर, शनिवार

काय दिवस होता! कुठून सुरू करू?

डायरेक्टरला एक बाळ हवं होतं. सीन असा — रिकामी होडी दलदलीतून वाहत येते, आत एकटं बाळ. भूत शेजारून उठतं, गर्जना करतं. बाळ रडतं. कट. तिने मला विचारायला तोंड उघडलं आणि मी नाही म्हणणार होते. होडी, पाणी, भूत. पण सासूबाई आधीच म्हणाल्या, "कुठला फ्रॉक घालू?"

होडी दोरीने काठाला बांधलेली. मी होडीतच, ताडपत्रीखाली आडवी, एक हात ठकूच्या पायावर. जीव मुठीत. सीन सुरू करताना वाजवतात ती पाटी हिरोने ठकूच्या अगदी कानाशी ताडकन वाजवली. मी ताडपत्रीखाली उडाले. ठकूचा पाय माझ्या हातात होता, तो हललाही नाही.

मग होडी डुलली. ठकूचे बाबा उठले पाण्यातून. शेवाळ गळतंय, डोळे लाल. घसा फाटेपर्यंत ओरडले.

ठकू हसली. खळखळून. हात पुढे केले, घे म्हणून.

कट. परत. परत हसली. चौथ्या वेळी तर ते उठायच्या आधी पाण्याचे बुडबुडे बघूनच हसायला लागली. हिरोईन म्हणाली, बापाला ओळखते. मग हिरोने मागून थाळी बडवली. कॅमेरावाल्याने गाडीचा हॉर्न वाजवला. बगळे उडाले सगळे. ठकू आपली बगळ्यांकडे बघून खूश.

डायरेक्टर शेवटी होडीच्या काठावर बसली. विचार केला. म्हणाली, "राहू दे. बाळ रडणारच नाही. सगळं गाव ज्याला घाबरतं त्याला बघून हे बाळ हसतं, आणि भूत थांबतं. त्याला काय करावं कळत नाही." मग स्वतःशीच म्हणाली, "हे बरं आहे. हे खूपच बरं आहे." आणि मला मिठी मारली, चिखलासकट.

माझ्या पोरीने सिनेमाची गोष्ट बदलली! भागूबाईच्या पोरीने!

सगळे नाचत होते. साउंडवाले काका तेवढे हेडफोन काढून ठकूकडे नुसते बघत होते. त्यांना हसणं रेकॉर्ड करता आलं नाही, वारा होता, म्हणून असेल.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मला कळलंच नव्हतं सिनेमा कसा घाबरवतो. आज कळलं.

लॉजच्या वरच्या खोलीत काकांनी गाद्या लावल्यात. जमिनीवर गाद्या, भिंतीवर गाद्या, खिडकीवर गोधड्या. आत शिरलं की कान भरून येतात. तिथे त्यांनी मला भिजवलेली चादर दिली. "ताई, पिळा. हळू." मी पिळली. माईकजवळ. मग ओलं पोतं फरशीच्या तुकड्यावर आपटायला लावलं, जसं आम्ही धोपटतो तसं. मला वाटलं गंमत करतायत.

मग कॉम्प्युटरवर सीन लावला, आवाज न लावता. ठकूचे बाबा लव्हाळ्यातून उठतायत. इतकं हसू आलं! पोती घातलेला नवरा, पाठ खाजवल्यासारखा वाकलेला, एका कानावरून टोपलीसारखं घसरलेलं डोकं. मी म्हटलं, "काका, याला कोण घाबरेल?"

"थांबा," म्हणाले. आणि आवाज लावला.

अगं आई गं. तेच भूत. तोच नवरा. पण आता त्याची हाडं पिळवटत होती, चिखल ओढत होता, काहीतरी ओलं-ओलं जवळ येत होतं. मी खुर्ची सोडून दाराशी. काका हसले, "ताई, ही तुमचीच चादर. जरा सावकाश करून लावलीय."

माझ्याच पिळण्याला मी घाबरले! घरी सांगितलं तर ठकूचे बाबा जेवताना ठसका लागेपर्यंत हसले.

काका म्हणाले, "भीती डोळ्यात नसते, ताई. कानात असते. आवाज काढून घ्या, सगळी भुतं विदूषक होतात."

जाताना विचारलं, ठकू घरी हाक मारली की बघते का? म्हटलं, तिला वाटलं तर. शुक्रवारी तिला आणा म्हणाले, तिचं हसणं परत रेकॉर्ड करू.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज नीट लिहिते. कुणाला सांगता येत नाही म्हणून इथे.

गाद्यांच्या खोलीत ठकूला मधे बसवलं, भिंतीकडे तोंड करून. माईक समोर. ठरलं असं की ठकूचे बाबा मागून येऊन भुतासारखे ओरडतील, ती वळून हसेल. ते मागे आले. ओरडले.

ती वळली नाही. गादीचा दोरा ओढत होती.

परत ओरडले. अगदी मागे. दोरा ओढतेय.

"ठकू," मी म्हटलं. "ठकू, बाबा बघ." दोरा ओढतेय.

काकांनी हेडफोन काढले. "ताई, एक करू का? रागावू नका." पाटी घेतली. तिच्या डोक्यामागे वाजवली. मी दचकले, ठकूचे बाबा दचकले. मग काकांनी नुसती बोटं तिच्या बाजूच्या गादीवर दाबली, जराशी, आवाज न करता. ठकू लगेच वळली. त्यांच्याकडे बघून हसली.

काका म्हणाले, "माझी धाकटी बहीण अशीच होती. आम्हाला तिसऱ्या वर्षापर्यंत कळलं नाही. आम्ही पण म्हणायचो, केवढी धीट आहे."

ठकूचे बाबा म्हणाले, "मग मी एवढे दिवस ओरडत होतो ते —"

आणि ते ठकूजवळ गादीवर बसले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

घरात सगळी भांडी आपटून बघितली. जमिनीवर बसवलं की वळते. पाळण्यात ठेवलं की नाही. फळ्या! तिला फळ्या सांगत होत्या. आम्ही नाही.

म्हणजे तिला मी कधी ऐकूच आले नाही. अंगाई नाही, काही नाही. सगळा सिनेमा आवाज न लावता.

२३ नोव्हेंबर, रविवार

काही नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

कार्ड घेऊन एकटीच गेले नर्सबाईंकडे. त्या वाचत गेल्या, होय, होय, होय, आणि थांबल्या. वर बघितलं. "हे तुम्ही लिहिलंत?"

म्हटलं, "हो. मला वाटलं तेच बरोबर उत्तर आहे."

त्या हसल्या नाहीत. मी रडले नाही. मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. कार्ड परत द्या म्हटलं. अजून भरायचंय.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सिनेमावाले गेले. डायरेक्टरने झगा मला देऊन टाकला, चिखलासकट. "धुवायचा नाही," म्हणाली, आणि दोघी हसलो, खूप दिवसांनी. काकांनी बहिणीचा फोन नंबर दिला. ती आता तीन पोरांची आई आहे, कानात मशीन आहे. "आणि भांडायला लागली की मशीन काढून ठेवते, त्यामुळे जिंकते नेहमी."

सासूबाई चार दिवस एक शब्द बोलल्या नव्हत्या. मला वाटलं, आता मला बोलणार, तुझ्यामुळे झालं. आज मी कपडे वाळत घालून आत आले तर घर हादरतंय. सासूबाई फळ्यांवर धपाधप पाय आपटत नाचतायत, गुडघे दुखत असताना. समोर ठकू बसलेली, खिदळतेय. मला बघून थांबल्या, दम लागला होता.

"हाक मारत होते," म्हणाल्या.

१६ डिसेंबर, मंगळवार

मोठा दवाखाना. ठकूला झोपवून डोक्याला वायरी लावल्या. अगदीच ऐकू येत नाही असं नाही, थोडं येतं म्हणाले, मशीनने पोचेल. किती पोचेल ते लावल्यावरच कळेल.

पाचव्या मजल्यावर होतं. मी लिफ्टने गेले. लिफ्टला मी घाबरते हे खाली उतरल्यावर आठवलं.

रात्री ठकूच्या बाबांना म्हटलं, मशीन लावलं आणि तरीही तिने बघितलं नाही तर? ते म्हणाले, "मग मी पोती घालून येत जाईन. ते तिला आवडतं." मग म्हणाले, "पण एकदा तरी ऐकू दे गं मला ओरडताना. एवढा घसा बसवला."

४ जानेवारी, रविवार

डायरेक्टरने होडीचा सीन मोबाईलवर पाठवला. ठकूला मांडीवर घेऊन मी आवाज बंद केला. म्हटलं, आज तुझ्यासारखा बघते.

धुकं. होडी. बुडबुडे. पोती घातलेला बाबा पाण्यातून उठतो, तोंड एवढं मोठं उघडतो. ठकू हसली. मीही हसले. परत लावला, परत हसलो. सात वेळा. एकदाही भीती वाटली नाही. छान जागा आहे गं तुझी, म्हटलं. पण मला तिथे येता येत नाही. तूच ये जरा इकडे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मशीन लावलं, दोन्ही कानांना, शेंगदाण्याएवढं. मशीनवाल्या बाई म्हणाल्या, आई, बोला काहीतरी. काय बोलावं म्हणून मी पुढे सरकले तर मांडीवरचा डबा निसटला आणि खणकन फरशीवर. मी किंचाळले. आणि माझ्या खांद्यावर ठकू — अख्खी उडाली, ओठ काढला, माझी मान घट्ट धरली आणि भोकाड पसरलं!

घाबरली! माझी पोर घाबरली!

सासूबाई रडतायत, ठकूचे बाबा बाईंना सांगतायत, आईवर गेलीय, आईवर. मी पर्समधून कार्ड काढलं. ‘नाही’ खोडलं. पेन दाबून लिहिलं, होय.